बठ्ठा उनात का?

पळण्यात जो पहिला यायचा त्याच्याकडे मेजर बघायचेसुद्धा नाहीत. पोरगं बिचारं छाती भात्यासारखी हलवत समोर येऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "मेजर, किती टाइम लागला?" मेजर त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणायचे, "माले काय माहीत? तू उना ना? मग बस खाले." त्यांच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच असायचं. दुसरा यायचा, पाचवा यायचा, विसावा यायचा. मेजर जागचे हलायचे नाहीत. सगळ्यात शेवटचा, जीभ बाहेर काढून, एका हातानं चड्डी सावरत रेषेवर आला की टक्कन बटण दाबायचे आणि खिशातल्या छोट्या वहीत त्या एकाचीच वेळ लिहायचे.

"पहिलानी चिंता सरकार करस, भो," असं ते म्हणायचे. "मांगलानी कोन करी?"

आणि मग सगळ्या मैदानावरून नजर फिरवत, रोज, न चुकता, एक आरोळी ठोकायचे, "बठ्ठा उनात का?" म्हणजे सगळे आले का. समोर मोजायला तीस पोरं बसलेली दिसत असायची, तरी विचारायचे. आम्ही "उनात!" म्हटल्याशिवाय शिट्टी गळ्यातून निघायची नाही. हे असं का, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. आणि कळलं तेव्हा, पस्तीसेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे मागे राहून गेलेल्या एका माणसाला शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मेजर खरं तर हवालदार म्हणून रिटायर झालेले. पण आमच्या पारोळ्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. आमच्या गल्लीत एक जण फौजेत स्वयंपाकी होते, तेही मेजरच, आणि त्यांची बायको मेजरीण. हे आमचे मेजर तुरीच्या काठीसारखे सुकलेले, उंच, मिशा पांढऱ्या आणि टोकदार. किल्ल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत स्वतः फक्की टाकून त्यांनी मैदान आखलं होतं. पोलीस भरती, सैन्य भरती, कसलीही भरती असो, तालुक्यातली पोरं त्यांच्याकडे यायची. फी नाही. अट एकच, उशीर करायचा नाही. भाषा अर्धी फौजेची हिंदी आणि अर्धी आमची अहिराणी. "ए जवान, पाँव उठा के पय ना भो! तुना पाय शेतस का खांब?" हे वाक्य पारोळ्याबाहेर कोणाला पूर्ण समजलं असेल असं मला वाटत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं. मला पाचवीपासून नकलांचा नाद. मी हेडमास्तर करायचो, एस. टी. चा कंडक्टर करायचो, आजारी बकरी करायचो, प्रेशर कुकर तर असा की आई गॅस बंद करायला धावायची. अभ्यासात आणि पळण्यात मात्र मी कायम शेवट राखून असायचो. त्यामुळे झालं असं की दीड वर्षभर मेजरांच्या वहीत फक्त माझंच नाव. पानंच्या पानं. दुसऱ्या कोणाचा इतिहास लिहिलेलाच नाही. पहिला येणारा संदीप चिडून म्हणायचा, "मी मरमर पळतो, आणि वहीत हा ढोल!" मी म्हणायचो, "मग ये ना मागे. जागा करून देतो."

एकदा मेजर यायच्या आधी मी त्यांची शिट्टी तोंडात धरल्याचा आव आणून, कंबर ताठ करून, त्यांची नक्कल करत होतो. "पय ना भो! मी आठे शे, तू पय!" म्हणजे, मी इथे आहे, तू पळ. पोरं लोळत होती. अचानक सगळी गप्प झाली. मागे वळलो तर मेजर. मला वाटलं, आता मैदानाला वीस फेऱ्या. मेजर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "परत कर." मी घाबरत घाबरत केली. ते म्हणाले, "आवाज थोडा वरतीन. मी 'पय' म्हणतांना मान उजवीकडे टाकस." मी मान टाकली. मेजर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "चाल रेडिओ, लाइनमध्ये उभा ऱ्हा." त्या दिवसापासून मी रेडिओ. मोबाइलच्या जमान्यात माणसाला रेडिओ म्हणायचं हे मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं.

विचित्र गोष्टी अजूनही होत्या. व्यायाम घेताना मेजर आकडे मोजायचे ते आमच्या ओळखीचे नव्हते. "ओण्डु, रेण्डु, मूण्डु, नालु, अंजु!" पोरांत चर्चा व्हायची की हा फौजेचा गुप्त कोड आहे, शत्रूला कळू नये म्हणून. संदीपला तर खात्री होती की पाचापुढचे आकडे फक्त अधिकाऱ्यांना सांगतात. आम्ही ते आकडे पाठ केले, मी ते त्यांच्या सुरात पाठ केले, आणि गल्लीत क्रिकेट खेळतानाही आमचे रन ओण्डु रेण्डुनं व्हायला लागले.

दुसरी गोष्ट बंदुकीची. एका शाळेचे सर त्यांच्याकडे आले होते. प्रजासत्ताक दिनाला पोरांच्या हातात लाकडी बंदुका देऊन कवायत बसवायची होती. सर शाल घेऊनच आले होते, म्हणजे काम झालंच असं धरून. मेजर म्हणाले, "मी पोरांना पळायला शिकवतो. धरायला शिकवत नाही."

"अहो मेजर, लाकडाच्या आहेत."

"शिकनं लाकडाचं नसतं, सर."

सर शाल घेऊन परत गेले. आम्हाला वाईट वाटलं, कारण आम्हाला पण त्या बंदुका धरून फोटो काढायचे होते. बाकीच्या अकॅडमीतली पोरं चट्ट्यापट्ट्याचे टी-शर्ट घालून रील टाकायची, आणि आम्ही बनियनवर, फक्त पळतोय, पळतोय. मी एकदा विचारलंच, "मेजर, तुम्ही कधी गोळी चालवली का?" ते म्हणाले, "हो." पुढे काही नाही. मेजरांच्या 'हो'च्या पुढे दार बंद व्हायचं.

लग्नात गेले तर वरण-बट्टीच्या पंगतीत शेवटचा माणूस उठेपर्यंत उठायचे नाहीत. वाढपी पोरं झाडू घेऊन उभी, समोर एखादे नाना निवांत चौथी बट्टी कुस्करताहेत, आणि मेजर कोरड्या हातानं समोर बसून. एस. टी. तून उतरताना सगळ्यांच्या शेवटी उतरायचे, तेही मागे वळून सीटांवर नजर टाकून. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. अक्का म्हणायच्या, "यांच्यासोबत अमळनेरला जायचं म्हणजे एक माणूस उतरायचा राहिला की आपण पुढच्या स्टँडला. लग्न झाल्यापासून एकही बस मी वेळेवर उतरलेली नाही."

उन्हाळ्यात आमच्याकडे तमिळनाडूच्या बोअरच्या गाड्या येतात. त्यांच्यासोबत आठ-दहा माणसं, लुंग्या नेसलेली, तोंडावर पांढरी धूळ, सगळं जगणं गाडीवर. त्यातले काही जण बसस्टँडजवळच्या टपरीवर चहाला यायचे. एक दिवस मी तिथे पोरांना मेजरांची कवायत करून दाखवत होतो. "ओण्डु! रेण्डु! मूण्डु!" बाकावरचा एक बोअरवाला एकदम उठून आला. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, कपाळावर भस्म. "तुम तमिळ कैसे बोलता?"

मी म्हटलं, "तमिळ नाही अण्णा, हा फौजी कोड आहे."

तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मग हसता हसता थांबून म्हणाला, "लेकिन हम ओण्णु बोलता, मूणु बोलता. ओण्डु, मूण्डु हमारा तरफ नहीं. वो श्रीलंका का आदमी ऐसा बोलता. तुमको कौन सिखाया?"

आता मला राहवेना. पारोळ्याचा माणूस, अहिराणी बोलणारा, आणि आकडे श्रीलंकेचे! मी पेरुमाल अण्णाला, हेच त्याचं नाव, दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर घेऊन गेलो. मला वाटलं होतं, गंमत होईल. अण्णा मेजरांसमोर उभा राहिला आणि तमिळमध्ये काहीतरी बोलला. मेजर सावधानमध्ये गेले. अगदी टाचा जुळवून. मग त्यांच्या तोंडून अडखळत एक तमिळ वाक्य आलं. मग दुसरं. अण्णाचा चेहरा उतरला. मेजरांनी शिट्टी माझ्या हातात दिली, "रेडिओ, आजनी फेरी तू घे," म्हणाले आणि घरी निघून गेले. शेवटचा पोरगा यायच्या आधी. असं कधीच झालं नव्हतं.

मी अण्णाला विचारलं, "काय बोलले?"

"पूछा, उधर से आदमी लोग आता क्या तुम्हारे गाँव में? रेफ्यूजी कैंप में? मैं बोला आता. फिर पूछा, उसमें सेल्वम नाम का कोई है क्या." अण्णानं डोकं खाजवलं. "मैं क्या बोलता? हमारे उधर हर गली में चार सेल्वम."

त्या दुपारी मी मेजरांच्या घरी गेलो. अक्कांनी दारातच मला खुणावलं, की आज नको. पण आतून आवाज आला, "येऊ दे रेडिओला." आणि मग त्यांनी सांगितलं. इथे मी त्यांची नक्कल करत नाही, साधं सांगतो.

श्रीलंकेत तमिळ लोकांना आपला वेगळा मुलूख पाहिजे होता. त्यासाठी लढणारे गट बरेच होते आणि ते एकमेकांच्याही जिवावर उठलेले. आपलं सैन्य शांतता राखायला म्हणून गेलं. एक गट आपल्या बाजूला आला, निवडणूक झाली, त्यांचं प्रांताचं सरकार बसलं. "सरकार म्हणजे कसं," मेजर म्हणाले, "लग्नाचा मांडव असतो ना, तसं. कापड त्यांचं, खांब आपले." त्या सरकारनं आपली एक फौज उभी करायला घेतली. गावातली तरणी पोरं धरून आणली, काही खुशीनं, बरीचशी नाखुशीनं. त्यातली सव्वीस पोरं मेजरांच्या हाती दिली. बंदूक धरायला शिकव, उभं राहायला शिकव. मेजर तेव्हा स्वतः पंचविशीचे. तमिळ येत नव्हती, म्हणून त्या पोरांकडून आकडे शिकले, आणि त्यांना आपली अहिराणी शिकवली. रोज हजेरीला तेच विचारायचे. बठ्ठा उनात का? सव्वीस तमिळ पोरं एका सुरात ओरडायची, उनात!

त्यात सेल्वम होता, एकोणीस वर्षांचा. मेजरांची नक्कल करायचा. मान उजवीकडे टाकून, शिट्टीसकट. त्याला मेजर रेडिओ म्हणायचे.

माझी नक्कल बघून त्या दिवशी ते 'परत कर' का म्हणाले, ते मला आत्ता कळलं.

"गोळीचा पहिला आवाज झाला आणि हा पळाला," मेजर म्हणाले. "असा पळाला की मी आयुष्यात तसं पळणं पाहिलं नाही. नारळाच्या झाडातून हरणासारखा. मी त्याला शोधून आणलं. भर उन्हात बंदूक डोक्यावर धरून उभं केलं. जागा सोडायची नाही, जागा सोडायची नाही, हे शंभरदा म्हणून घेतलं. तीन दिवस. त्यानंतर तो कधीच पळाला नाही. चांगला शिकला."

मग सैन्याला परत यायचा हुकूम झाला. आपली माणसं हळूहळू निघायला लागली, तसतशी मांडवाची एकेक बाजू खाली. शेवटच्या दिवसांत त्या सरकारच्या पुढाऱ्यांनी आपलं वेगळं राष्ट्र झालं असं जाहीर करून टाकलं. जाहीर करणारे निघून गेले. दुसरा गट जंगलातून गावात येत होता आणि ह्या पोरांना कोणी वाली उरला नव्हता. मेजरांची तुकडी बंदराकडे निघाली तेव्हा पोरं चौकीजवळ रांगेत उभी होती. मेजरांनी गाडीतून बघितलं. सेल्वम रांगेत होता, नीट, सावधानमध्ये. पुढे बोटीवर असतानाच बातमी आली की ते सरकार संपलं. पोरांचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही.

"हुकमाचं मला काही नाही," मेजर म्हणाले. "हुकूम होता, आलो. पण काय शिकवायचं ते माझ्या हातात होतं ना? त्याला पळता येत होतं, रेडिओ. देवानं शिकवून पाठवलं होतं. ते मी मोडलं."

आतून अक्कांनी चहा आणला. तिघांनी तो गार होईपर्यंत तसाच ठेवला.

शोधायची कल्पना माझीच. पेरुमाल अण्णाच्या फोनमध्ये गावाकडचे, बोअरवाल्यांचे, नातेवाइकांचे असंख्य ग्रुप होते. मी म्हटलं, मेजरांचा आवाज रेकॉर्ड करून टाकू. जो कोणी त्या सव्वीसातला असेल, तो ओळखेल. पण फोन समोर धरला की मेजर पुतळा व्हायचे. बटण दाबलं की खोकायचे. चार दिवस खटपट केली, चार दिवस खोकला रेकॉर्ड झाला. शेवटी अक्का म्हणाल्या, "अरे, तूच कर ना. दिवसभर करतोच की."

मग माझी तालीम सुरू झाली. मेजरांचा आत्ताचा आवाज नको होता, पंचविशीतला पाहिजे होता. तो ऐकलेला माणूस घरात एकच.

"इतका जाड नव्हता," अक्का सांगायच्या.

"असा?"

"इतका गोडही नव्हता. मला बघायला आले तेव्हा पाणी मागितलं, तर मला वाटलं रागावले."

मेजर कोपऱ्यात बसून मिशी ओढत होते. म्हणाले, "मी रागावलोच होतो. पाच वेळा पाणी मागितलं."

शेवटी जमलं. मी रेकॉर्ड केलं. आधी आकडे, मग "बठ्ठा उनात का?", मग "ए रेडिओ, मी आठे शे!" मागाहून अण्णानं तमिळमध्ये दोन वाक्यं जोडली, की हा आवाज ओळखत असाल तर कळवा, आणि पाठवून दिलं. त्याचं बोअरचं काम संपलं आणि गाडी निघून गेली.

मैदानावर मेजर पूर्वीसारखेच. फक्त फेरी संपली की माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. असे दोन-अडीच महिने गेले असतील. मी त्यांना हसवायला नवनवीन नकला करायचो, ते हसायचे नाहीत, पण "मान उजवीकडे" वगैरे दुरुस्त्या करायचे. आणि पळण्यात मी हळूहळू शेवटून तिसरा झालो होतो. मेजरांच्या वहीत आता दुसऱ्याचं नाव येऊ लागलं, तर मला खरंच जरा वाईट वाटलं.

मग एक दिवस अण्णाचा फोन आला. "रेडिओ, एक अम्मा मिला. कैंप में रहती. तुम्हारा आवाज सुना तो रोया." त्यानं तिचा निरोप ऐकवला, मग हिंदीत सांगितला. ती सेल्वमची धाकटी बहीण. भाऊ सुट्टीला घरी यायचा तेव्हा मेजरची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. संध्याकाळी खुराड्यात कोंबड्या कोंडायच्या वेळी तो सावधानमध्ये उभा राहून कोंबड्यांना विचारायचा, बठ्ठा उनात का? तेव्हापासून त्यांच्या घरात कोंबड्या कोंडताना तेच म्हणतात. ती तिकडून बोटीनं जीव वाचवून आली, कॅम्पात राहिली, लग्न झालं, म्हातारी व्हायला आली, आणि आजही रोज संध्याकाळी तेच म्हणते. तिच्या सुनाही म्हणतात. तिला वाटायचं, ही हिंदी आहे.

मी मोठ्यानं हसलो. मग विचारलं, "आणि सेल्वम?"

"बोलती, बाकी लड़का लोग भाग गया. कुछ बच गया. भाई नहीं भागा. चौकी पे ही खड़ा था."

खोटं बोलणार नाही, पहिला विचार मनात आला तो हाच की मेजरांना दुसरंच काही ऐकवावं. मला येत होतं ते. पन्नाशीतला तमिळ माणूस मला सहज काढता आला असता, पेरुमाल अण्णाचं बोलणं उन्हाळ्यात ऐकलेलंच होतं. "मेजर, मैं सेल्वम, ठीक है, दो बच्चा है." दोन मिनिटांचं काम. मी संडासात जाऊन दबक्या आवाजात करूनही बघितलं. छान जमत होतं. फारच छान जमत होतं, म्हणून भीती वाटली. मेजरांनी त्या आवाजाला प्रश्न विचारले असते, मी उत्तरं दिली असती, आणि मग मरेपर्यंत मला तो सेल्वम पोसावा लागला असता. आणि दुसरं म्हणजे, जो माणूस समोर तीस पोरं बसलेली दिसत असतानाही विचारतो, तो खरं उत्तर ऐकायलाच विचारतो.

सकाळी फेरी झाली. शेवटचा आला. टक्. मेजरांनी वही काढली आणि आरोळी ठोकली, "बठ्ठा उनात का?"

पोरं ओरडली, "उनात!"

मी उभा राहिलो. "नई मेजर. एक नई उना."

पोरं इकडंतिकडं बघायला लागली, कोण राहिलं म्हणून. मेजरांना कळलं. त्यांनी वही मिटली, खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. मग म्हणाले, "बरं." आणि आम्हाला आणखी एक फेरी मारायला लावली, सगळ्यांना, आणि स्वतः शेवटच्या पोराच्या मागे चालत राहिले. गुडघ्यांनी साथ दिली नाही तरी पूर्ण फेरी.

चार दिवस मी त्यांच्या घरी गेलो नाही. पाचव्या दिवशी अण्णानं बहिणीचा दुसरा निरोप पाठवला. तो मात्र घेऊन जावाच लागला. ती म्हणत होती, त्या मुलाला सांगा, आणखी बोलून पाठव. मी अण्णाला म्हटलं, "मेजर स्वतः बोलतील ना." अण्णानं तिला तसं विचारलं, तर ती म्हणाली, नको. मेजरचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. माझा भाऊ मेजरचा आवाज काढायचा, तो मी ऐकलाय. हा मुलगा अगदी माझ्या भावासारखा बोलतो.

हे मी मेजरांना, कोंबड्यांसकट सगळं, सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली शिट्टी बाजूला ठेवली. मग अक्कांना म्हणाले, "पाणी दे त्याले. घसा ओला करू दे." आणि स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "लिही. पहिलं, अय रेडिओ, जेवना का? हे मी त्याले रोज इचारू." मी म्हटलं. "नई. जरा चिडवीसन म्हन. तो चिडवीसन म्हने." म्हणजे बघा काय झालं होतं. मेजर मला स्वतःची नक्कल शिकवत नव्हते. सेल्वम त्यांची नक्कल कशी करायचा, ती शिकवत होते. एकेक शब्द, कुठे थांबायचा, कुठे डोळा मारायचा. माणसाला इतकं आठवतं हे मला माहीत नव्हतं. मध्येच मी 'पय' म्हणताना मान टाकली आणि मेजर एकदम हसले. खो खो. अक्का आतून पीठभरल्या हातानं बाहेर आल्या, काय झालं बघायला.

शेवटी त्यांनी मला विचारायला सांगितलेला प्रश्न मात्र कोणी ओळखणार नाही. "रेडिओ," ते म्हणाले, "इचार तिले, कोंबड्या किती शेतस?"

नऊ होत्या.

मागच्या दिवाळीनंतर मेजरांचे गुडघे बसले आणि लेकीनं त्यांना धुळ्याला नेलं. जाताना बसपाशी सगळं मैदान आलं होतं. शिट्टी आणि स्टॉपवॉच मला दिलं, वही दिली नाही. मी भरतीत पोहोचलो तो शेवटून तिसराच, त्यामुळे सध्या झेरॉक्सच्या दुकानात आहे आणि सकाळी मैदान सांभाळतो. पोरांना पळायला शिकवतो. धरायला शिकवत नाही.

रोज सकाळी फेरीच्या वेळी धुळ्याहून फोन येतो. मी तो स्पीकरवर टाकून फक्कीच्या रेषेवर ठेवतो. सध्या शेवटी येते ती पहूरची पूजा, इथे मावशीकडे राहून पोलीस भरतीची तयारी करते. ती येईपर्यंत मेजर काही बोलत नाहीत, नुसता श्वास ऐकू येतो. ती रेषेवर आली की मी वेळ सांगतो, पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो. मग मेजरांची ती आरोळी येते, आता बरीच बारीक झालेली. पोरं "उनात!" म्हणतात.

तरी फोन चालूच असतो.

"आनि कोंबड्या?" मेजर विचारतात.

आदल्या संध्याकाळी कॅम्पातून आलेलं सेल्वमच्या बहिणीचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं असतं. "उन्यात मेजर," मी सांगतो. "बठ्ठ्या उन्यात."

मग ते फोन ठेवतात.